खडूतली कालिपा

एसेनने काखेत उभं धरलेलं गाठोडं उंबऱ्याशी टेकवलं आणि मोकळ्या हाताने दार ठोठावलं. दार उघडणाऱ्या माणसाने आधी गाठोड्याकडे पाहिलं, मग एसेनकडे, आणि वाकून दोन्ही हातांनी ते उचलून आडवं केलं.

"असं," तो म्हणाला. "तोंड वर. दुधानं भरलेली परात नेतात तसं."

"गाडीत मागच्या सीटवर उभंच होतं," एसेन म्हणाला. "पडू नये म्हणून पट्टा लावला होता."

त्याच्या मागे त्याची थोरली बहीण बुरुल उभी होती. ती धाकट्या भावाच्या गाडीतून आली नव्हती. ट्रॉलीबसमधून उतरून, पॉपलरच्या झाडांच्या सावलीतून दोन गल्ल्या चालत आली होती, आणि एसेनची पांढरी गाडी कोपऱ्यावर दिसल्यावर मुद्दामच पावलं हळू टाकली होती.

दार उघडणारा माणूस राविल. तातार, बुटका, कानांपर्यंत ओढलेली टोपी घरातही न काढणारा. संग्रहालयातली कागदावरची चित्रं दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. आता तो बिश्केकमधल्या आपल्या घराच्या मागच्या खोलीत चित्रांना चौकटी करून द्यायचा, आणि खराब चौकटींतून चित्रं सोडवायचा. दुसरं काम जास्त यायचं, असं तो सांगे.

"चहा आधी की काम आधी?" त्याने विचारलं.

"तिथेच घेऊ की, काम बघता बघता," एसेन म्हणाला.

"त्या खोलीत चहा नाही, पाव नाही, सिगारेट नाही. आणि भांडणही नाही. फोनवर तुमच्या भाच्यानं सांगितलंय मला सगळं."

बुरुल आणि एसेन यांनी एकाच वेळी भिंतीकडे पाहिलं.

भाच्याने, म्हणजे बुरुलच्या मुलाने, सांगितलं ते थोडक्यात असं होतं. कांतजवळच्या गावातलं वडिलोपार्जित घर एसेनने विकलं होतं. रीतीप्रमाणे घर धाकट्या मुलाचंच, त्यामुळे त्याबद्दल बुरुलला काही म्हणता येत नव्हतं, तरी तिने बरंच म्हणून घेतलं होतं. सामानाची वाटणी भाच्यामार्फत झाली. गालिचे, समोवर, आईच्या हातच्या रजया, सगळं कुठे ना कुठे गेलं. राहिलं फक्त आईचं चित्र, आणि ते दोघांनाही हवं होतं. वसंतात त्याच्या काचेआड, आईच्या खांद्यावर, पांढरे ठिपके उमटले. तेव्हा भाच्याने तोड काढली होती, की आधी दुरुस्त करून घ्या, मग कोणाकडे राहायचं ते ठरवा. आईच्या दफनानंतर दोन वर्षांत बहीणभाऊ एका छपराखाली आले ते आज पहिल्यांदाच.

मागची खोली थंड होती आणि तिच्या खिडकीला जाड पडदा होता. राविलने हात धुतले, कोरडे केले, गाठोड्याची चादर सोडली. मोठ्या टेबलावर, वरच्या दिव्याच्या उजेडात, त्यांची आई, कालिपा, दिसली. पंचविशीतली बाई, निळा रुमाल मागे बांधलेला, उन्हाने रापलेले गाल, आणि कोणीतरी आत्ताच हाक मारल्यासारखी किंचित वळलेली मान. मागे बीटच्या शेताची हिरवी पट्टी, तीही घाईत ओढलेली.

राविलने वरचा दिवा मालवला आणि हातातली बॅटरी टेबलाच्या कडेला टेकवून उजेड चित्रावरून आडवा सोडला. मग भिंग लावून कितीतरी वेळ नुसता पाहत राहिला.

"छापलेलं आहे ना?" एसेनने विचारलं. "आमच्या गावात कोणी म्हणायचं छापील, कोणी म्हणायचं तेलाचं."

"छापील असतं तर भिंगाखाली ठिपके दिसले असते, सगळे एका मापाचे. तेलाचं असतं तर उजेड आडवा पडला की चमकलं असतं. हे बघा, हे चमकत नाही. मखमलीसारखं उजेड पिऊन टाकतंय." राविलने भिंग खाली ठेवलं. "खडू आहे."

"शाळेतला?"

"त्याचा श्रीमंत चुलतभाऊ. नुसता रंग, चिकटायला जवळजवळ काही नाही. पाटावर पीठ सांडावं तसा कागदावर बसलेला असतो. हिसका बसला की गळतो, बोट लागलं की जातं. काखेत मारून आणलंत तरी एवढं शिल्लक आहे, म्हणजे बाई खंबीर होती."

"होती," बुरुल म्हणाली.

राविलने टेबलावर घडी घातलेली मऊ चादर पसरली आणि चौकट तिच्यावर हलकेच पालथी केली. मागे फळी होती आणि फळीच्या चारी बाजूंनी खिळे. इतके खिळे की त्याने एकवार टोपी मागे सारून डोकं खाजवलं. हातोडीने ठोकून काढले तर धक्का खडूला बसतो, म्हणून तो पकडीने एकेक खिळा वळवत, ओढत होता. वेळ लागणार होता.

"कोणी केलीय ही?"

"वडिलांनी," एसेन म्हणाला. "ट्रॅक्टर चालवायचे. जर्दाळूचं लाकूड आहे."

"मागच्या अंगणातला जर्दाळू," बुरुल म्हणाली. "तू जन्मलाही नव्हतास."

ती भावाशी बोलत होती, पण तिचे डोळे खिळ्यांवर होते. ती चार वर्षांची असताना शहरातून एक तरुण चित्रकार बीटच्या शेतांवर आला होता. मेहनती बायकांची चित्रं काढायला त्याला पाठवलं होतं. त्याने पुष्कळ जणींची काढली, पण कालिपाची दोन काढली, आणि दुसरं तिला देऊन गेला. एवढंच झालं. गावाला तेवढं पुरलं. पाण्याच्या नळावर बायका कालिपा आली की बोलणं थांबवायच्या. तिचा नवरा तोक्तोसुन याच्या कानावर ते गेलंच असणार. तो बायकोला काही बोलला नाही, नळावरच्या बायकांनाही नाही. एका रविवारी त्याने चांगला फळता जर्दाळू तोडला.

"काच नव्हती मिळत तेव्हा," बुरुल सांगत होती. "त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीची काढली. तो सगळा हिवाळा आम्ही खिडकीला पुठ्ठा लावून काढला. आई अंधारात कणीक मळायची. आणि चित्र टांगलं दारासमोरच्या भिंतीवर, पाहुण्यांना बसवतात तिथे. घरात पाऊल टाकणाऱ्याला आधी तिच्याकडे पाहावंच लागायचं. नळावरच्या बायकाही आल्या, चहा प्यायला. बसल्या तिच्याखालीच."

"हे मला कोणी सांगितलं नाही कधी," एसेन म्हणाला.

"तू विचारलंस कधी?"

राविल खोकला.

"मनापासून केलंय काम," तो खिळे वाटीत टाकत म्हणाला. "सांधा बघा, आजही नख जात नाही. पण हलू नये म्हणून फार आवळलंय. काच थेट खडूवर बसलीय. मधे आगपेटीची काडी मावेल एवढी तरी जागा हवी होती. आणि मागची फळी पाइनची, तिचा आंबटपणा कागदात उतरलाय." त्याने फळी उचलली. खाली कागदाची पाठ होती, कडेने चहासारखी तपकिरी झालेली, आणि फळीतल्या दोन गाठींचे दोन काळसर डाग तिच्यावर उमटले होते. "कोणाला माहीत होतं तेव्हा? आम्हीसुद्धा संग्रहालयात असंच करायचो."

मग तो कागदावर आणखी वाकला. बॅटरी पुन्हा उचलून त्याने कागदाच्या खालच्या कडेवर धरली. तिथे नागमोडी रेघा होत्या. एकावर एक, फिकट, नदी ओसरताना वाळूवर राहतात तशा.

"पाणी," तो म्हणाला.

"मला वाटलंच," बुरुल म्हणाली. इतका वेळ आवरलेलं सगळं तिच्या आवाजात आलं. "पत्रे बदल, पत्रे बदल, किती वर्षं सांगत होते. आई होती तोवर ठीक होतं. ती गेली आणि घराकडे बघितलंच नाहीस. फोनसुद्धा तू मला कधी केलास? अंगणात मयताचा तंबू उभा राहिल्यावर. मी पोहोचले तेव्हा तिला न्हाऊ घालून झालं होतं."

एसेनने मान खाली घातली. "फोन मी चुलतभावाला करायला सांगितला होता," तो हळूच म्हणाला. "मला बोलता येत नव्हतं, एजे."

एजे म्हणजे थोरली बहीण. दोन वर्षांत त्याने हा शब्द तिला उद्देशून उच्चारला नव्हता.

"छपराचं पाणी नाही हे," राविल मधेच म्हणाला. तो अजून रेघांवरच वाकलेला होता. "छपराचं वरून येतं, ओघळ काढत येतं. हे खाली साठलंय. एकदम नाही, थोडं थोडं, पुष्कळदा. ओल्या फडक्यानं काच पुसली की थेंब खाली उतरतो आणि चौकटीच्या खाचेत शिरतो. तिथून कागद पितो. बुरशी त्यातूनच आली." त्याने वर पाहिलं. "कोण पुसायचं?"

"कोण पुसणार?" बुरुल म्हणाली. "तिथे होतं कोण? याची बायको गेली, मुलं कोरियात. हा एकटा. हा काय—"

"मीच," एसेन म्हणाला.

बुरुल कोपऱ्यातल्या जुन्या फ्रीजकडे पाहत राहिली. राविल त्यात खळ आणि कागद ठेवायचा.

"शुक्रवारी तेल तापवतो मी," एसेन म्हणाला. तो राविललाच सांगत होता, बहिणीला नाही. "कणकेचे बोर्सोक तळतो थोडे. वास तिच्यापर्यंत जावा म्हणून. आईच तळायची गेलेल्या सगळ्यांच्या नावानं, तिच्यामागं कोण तळणार? तेल उडतं, धूर होतो, काचेवर थर बसतो. मग वाटायचं, तोंड पुसावं तिचं. कोमट पाणी घ्यायचो. गार नको म्हणून."

राविलने बॅटरी बंद केली आणि उगाचच खिशात ठेवली. बुरुल टेबलावरच्या वाटीतले खिळे पाहत होती. एक खिळा वाटीबाहेर पडला होता, तो तिने उचलून आत टाकला.

"आता पुढचं," राविल म्हणाला. "चौकट काढून घेतो. पुठ्ठ्यावर कागद, वर काच, तोंड वर, असं येईल. मग काच उचलायची. बाजूला सरकवली तर चेहरा पुसून निघेल. सरळ वर, दोन्हीकडून एकदम. मी कोपऱ्यात पातळ पाती घालून कागद खाली धरणार. माझी बायको असती तर काच तिनं आणि मी उचलली असती. आता तुम्ही दोघं."

"मी?" एसेनने आपले हात पाहिले. चौकोनी, जाड बोटांचे हात.

"अंगठ्या, घड्याळ काढा. हात धुवा. बाई, तुम्ही काय काम करायचात?"

"औषधांच्या दुकानात होते. पुड्या बांधायचे, पूर्वी मोजून बांधायच्या तेव्हा."

"मग तुम्ही त्याच्याकडे बघू नका, त्यानं तुमच्याकडे बघावं. तुम्ही उचलाल तेवढंच त्यानं उचलायचं."

बुरुलची अंगठी बोटातून निघेना. साबण लावून ती निघाली. दोघं टेबलाच्या दोन टोकांना उभे राहिले. राविलने हाडाची पाती एका कोपऱ्यात सरकवली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. काचेच्या कडेखाली बोटांची टोकं जाण्याइतकी फट झाली.

"श्वास बाजूला सोडा," तो पुटपुटला. "चित्रावर नाही. हं."

बुरुलने उचललं. आधी काही झालंच नाही. काच आणि कागद एकमेकांना सोडेनात. मग कुठेतरी, अगदी बारीक, रेशमाची शिवण उसवल्यासारखा आवाज झाला. एसेनच्या कपाळावरून घाम निघून भुवईपाशी थांबला, आणि त्याने तो पुसायला हात हलवला नाही. तो बहिणीच्या मनगटांकडे पाहत होता. तिची मनगटं केसभर वर आली की त्याचीही येत. लहानपणी ती त्याला पाण्याच्या कावडीचं एक टोक धरायला लावायची, तेव्हा तिच्या पावलांकडे बघत तो असाच चालायचा.

"झालं," राविल म्हणाला. "आता बाजूला. फिरवू नका. तशीच न्या. आता उलटा आणि त्या काळ्या कापडावर ठेवा."

त्यांनी काच पालथी केली आणि काळ्या मखमलीवर ठेवली. आणि मग दोघंही तिथेच उभे राहिले.

काचेवर कालिपा होती. कागदावरच्यासारखी रंगीत नव्हती, धुक्यातून दिसावी तशी. काच उलटल्यामुळे ती दुसऱ्या बाजूला वळून पाहत होती. गालाचं हाड, रुमालाची निळसर कड, खालचा ओठ, आणि दोन्ही डोळ्यांतले पांढरे कवडसे. साठेक वर्षं काचेला गाल लावून बसल्यावर खडूची अगदी वरची साय काचेने घेतली होती. कागदावरची कालिपा तिच्या जागी शाबूत होती. फक्त डोळे थोडे फिकटले होते.

"असं होतं कधी कधी," राविल हलक्या आवाजात म्हणाला.

"डोळ्यांत परत भरता येईल?" बुरुलने विचारलं.

"येईल. मग ते माझे डोळे होतील."

तिने मान हलवली, नको म्हणून.

राविलने चित्र उथळ पेटीत ठेवलं, वर झाकण, पण झाकणाखाली मोकळी जागा, चेहऱ्याला काही टेकणार नाही अशी. कापसाच्या कागदाचा पुठ्ठा लावीन, म्हणाला, गव्हाच्या खळीने वरच्या कडेला दोन चिमुकल्या पट्ट्यांवर टांगून ठेवीन, म्हणजे कागद हवेप्रमाणे हलू शकेल. बुरशी मऊ कुंचल्याने काढीन. नवी काच खरी काचच हवी, प्लास्टिकची नको. लोकरी टोपी जशी केस ओढते, तशी ती खडू ओढून घेईल.

"आणि आता मला सांगा, हे टांगणार कुठे? ऊन नको. चूल नको, हीटर नको. बाहेरच्या भिंतीला नको, तिला ओल येते."

बुरुलने उत्तर घरून तयार करून आणलं होतं. माझी तळमजल्यावरची खोली उत्तरेकडची आहे, मधली भिंत आहे, स्वयंपाकघर लांब आहे. हे सगळं तिने बसमध्ये मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं होतं. आता ते तिच्या तोंडून निघेना.

"माझा नवा फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे," एसेन म्हणाला. "दक्षिणेकडे. दिवसभर ऊन. विकणाऱ्यानं त्याचेच जास्त पैसे घेतले." तो हसायचा प्रयत्न करत होता. "आणि खोली एकच. स्वयंपाक तिथंच." त्याने पेटीकडे पाहिलं. "एजेच्या घरी चांगलं राहील."

मग त्याने खिशात सिगारेट चाचपली आणि बाहेर अंगणात निघून गेला.

खिडकीचा पडदा मधे थोडा उघडा होता. बुरुलला त्याची पाठ दिसत होती. खांदे वडिलांसारखे एका बाजूला उतरायला लागले होते. हे कधी झालं, तिला माहीत नव्हतं.

राविलने काच कडेने धरून उचलली. "ही धुऊन ठेवतो. जुनी, ओढून बनवलेली काच आहे, लाटा आहेत हिच्यात. कोणाला तरी लागते."

"थांबा," बुरुल म्हणाली.

तो थांबला.

"हिला चौकट घालता येईल?"

"काचेला?"

"मागे काळं लावून. दिसेल ना आई?"

राविलने काच उलटसुलट करून उजेडाकडे धरली. "दिसेल. खडूची बाजू आत घ्यायची, मागे थोडी जागा सोडून काळा पुठ्ठा. समोरून बघितलं की मूळ चित्रासारखीच वळलेली दिसेल. ऊन हिलाही नकोच, पण कागद नाही, पिवळं पडायला काही नाही. चालेल."

"आणि समोरून पुसली तर?"

राविलने तिच्याकडे पाहिलं.

"कोरड्या फडक्यानं," तो म्हणाला.

"तो कोरडं नाही घेणार."

अंगणात एसेन खोकत होता. राविलने काच पुन्हा मखमलीवर ठेवली आणि कडेवरून, न टेकवता, बोट फिरवत नेलं.

"मी कडा तशा बंद करून देईन," तो म्हणाला. "थेंब आत जाणार नाही."

सप्टेंबर संपता संपता दोघं पुन्हा आले. या वेळीही वेगवेगळे आले, पण एकाच वेळी. राविलने आधी चित्र दाखवलं. वडिलांची जर्दाळूची चौकटच ठेवली होती, तिच्या आत नवा पुठ्ठा, नवी काच, आणि दोन्हींच्या मधे श्वास घेण्याइतकी जागा. एसेनने वाकून पाहिलं, हात पाठीमागे बांधून.

"छान झालं," तो म्हणाला. "चल, तुला घरी सोडतो. बसमध्ये कसं नेशील?"

"हेही घे," बुरुल म्हणाली आणि टेबलावरची दुसरी चपटी पेटी त्याच्याकडे सरकवली.

"काय आहे?"

"तुझं."

त्याने झाकण उचललं. काळ्यातून आई हळूहळू वर येत होती, आधी कपाळ, मग रुमाल, मग डोळे. त्याने काचेला बोट लावलं नाही.

"पुसलीस तरी चालते," बुरुल म्हणाली. ती पर्समध्ये बसची चिल्लर शोधत असल्यासारखी खाली बघत होती. "समोरून. मी विचारून घेतलंय. कोमट पाणी घेतलंस तरी काही होत नाही."

एसेनने झाकण लावलं. पेटी त्याने दोन्ही हातांवर आडवी घेतली, दारातून तिरकी न करता बाहेर काढली, आणि गाडीच्या मागच्या सीटवर चादर पसरून तिच्यावर ठेवली. मग पुढचं दार उघडून तो बाजूला उभा राहिला. बुरुल बसली. चित्र तिने मांडीवर घेतलं, तोंड वर.

राविलच्या गल्लीतून गाडी बाहेर पडली. रस्त्यावर पॉपलरची पिवळी पानं होती आणि एसेन खड्डे टाळत, म्हाताऱ्या माणसासारखा, फार सावकाश गाडी चालवत होता.

"बोर्सोकच्या कणकेत काय घालतोस?" बुरुलने विचारलं. "दूध की पाणी?"

"पाणी."

"आणि लोणी?"

"लोणी घालतात?"

"तरीच," बुरुल म्हणाली.

पुढच्या चौकात सिग्नल सुटला. बुरुलचं घर उजवीकडे होतं. एसेनने गाडी डावीकडे, बाजाराच्या दिशेने वळवली. वळणावर चित्र कलू नये म्हणून बुरुलने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.